खुणेपर्यंत पाणी

रिकामी बाटली काउंटरवर ठेवायची आणि म्हणायचं, "ही एक दे गो बाय." चिठ्ठी नाही, मूल सोबत नाही. बाटलीच्या तळाशी औषधाचा वाळलेला गुलाबी थर. मागे कधीतरी, चवथीच्या आसपास, डॉक्टरांनी लिहून दिलेलं अँटीबायोटिक; आता नातवाला परत सर्दी झाली म्हणून तेच हवं. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या बाजारात मी फार्मसी चालवते त्याला वीस वर्षं होत आली. अशी रिकामी बाटली किती वेळा समोर आली, त्याला गणती नाही. सुरुवातीची काही वर्षं मी तसलीच नवी बाटली काढून द्यायचे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं.

माझ्या नणंदेची धाकटी तेव्हा अडीच वर्षांची होती. ताप येत होता. सर्दी नाही, खोकला नाही, घसा बरा, नुसता ताप. नणंदेचा फोन आला आणि मी दुकानातून सेफिक्झिम या अँटीबायोटिकची बाटली पाठवली. डॉक्टरकडे जा म्हणायचं सोडून मीच डॉक्टर झाले. दोन दिवसांत ताप उतरला, तिने औषध थांबवलं. चौथ्या दिवशी ताप पुन्हा चढला, तोही हुडहुडी भरून. मग बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात नेली. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हा, "आधी कुठलं औषध दिलं होतं?" लघवीत पू-पेशी दिसत होत्या, म्हणजे तिथे संसर्ग होता, पण कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, केलं तर त्यात काहीच उगवलं नाही. मी पाठवलेल्या दोन दिवसांच्या औषधाने जंतू दबले होते, मेले नव्हते. आता कुठला जंतू आहे आणि त्याला कुठलं औषध लागू पडेल, हे तपासून कळण्याची वाट मी बंद करून ठेवली होती. अंदाजाने इंजेक्शनं सुरू करावी लागली. पोर आठवडाभर हाताला सुई लावून पडून होती. ती बरी झाली, आज कॉलेजात जाते. नणंद मला त्यावर एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर मला हलकं वाटलं असतं.

त्यानंतर चिठ्ठीशिवाय अँटीबायोटिक द्यायचं मी बंद केलं. कायदा तसाही तेच सांगतो. पाकिटावर जी उभी लाल रेघ असते तिचा अर्थच हा की डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे विकायचं नाही. २०१६ साली केंद्र सरकारने या लाल रेघेची मोहीमही काढली होती. त्याच्या आधी, २०१४ च्या मार्चपासून, सेफिक्झिमसारखी काही औषधं एच-वन या यादीत गेली. त्यांची वेगळी नोंदवही ठेवावी लागते. डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव, औषध किती दिलं, सगळं लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची. मी ती वही काउंटरवरच ठेवते. कुणी हट्टाला पेटलं की उघडून दाखवते.

पण नुसतं "नाही" म्हणून काय झालं? लोक रागावले. "कालपर्यंत देत होतीस, आज काय झालं?" कुणी पुढच्या गावातून आणलं, कुणी शेजारणीकडची उरलेली अर्धी बाटली वापरली. कोविडनंतर तर ॲझिथ्रोमायसिनचं पाकीट घराघरात फ्रीजवर पडलेलं असायचं, आणि मोठ्यांची गोळी मोडून तिचा पाव तुकडा पोराला दिल्याचं मी दोन-तीनदा ऐकलं. मी माझं दार स्वच्छ ठेवलं होतं एवढंच. पोरांच्या पोटात जायचं ते जातच होतं.

म्हणून २०२२ च्या पावसाळ्यानंतर मी आमच्या जवळच्या एका वाड्यावरच्या, म्हणजे छोट्या वस्तीवरच्या, अंगणवाडीत गेले. तिथली टीचर माझी शाळासोबतीण. दर महिन्याला आयांची बैठक होते, त्यात अर्धा तास दे म्हटलं. तिने लगेच दिला. मी उत्साहाने तक्ते केले. एका बाजूला विषाणू, एका बाजूला जिवाणू, रंगीत चित्रं. सर्दी-पडसं, फ्लू, बहुतेक खोकले, बहुतेक जुलाब हे विषाणूंमुळे होतात. अँटीबायोटिक फक्त जिवाणूंवर चालतं. लहान मुलाला वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होणं हे सामान्य आहे. शेंबूड हिरवा झाला म्हणजे अँटीबायोटिक लागतंच असं नाही. सगळं बरोबर सांगितलं. चौदा बायका मन लावून ऐकत होत्या. शेवटी विचारलं, काही शंका? पुढे बसलेली एक तरुण आई म्हणाली, "सगळं समजलं. मग सर्दीला कुठलं अँटीबायोटिक चांगलं?"

त्या दिवशी घरी येऊन तक्ते माळ्यावर टाकले. ती मुलगी अडाणी नव्हती, बारावी झालेली होती. चुकलं ते माझं. मी तिला विषाणू-जिवाणू शिकवत होते आणि तिच्या डोक्यात होती ती रात्र, जेव्हा पोर तापाने फणफणलेलं असतं, नवरा पिसुर्लेच्या कारखान्यात रात्रपाळीला असतो, आणि सासू म्हणते, "काहीतरी दे गो त्याला." त्या "काहीतरी"च्या जागी मी काहीच ठेवलं नव्हतं. नको म्हटलं आणि हात रिकामे ठेवून घरी पाठवलं.

पुढच्या महिन्यात बोलायचं कमी आणि करायचं जास्त, असं ठरवलं. तक्त्यांऐवजी पिशवीतून सहा बाटल्या नेल्या. मुदत संपलेला माल, पण पावडर बंद होती, शिकवायला चालते. शिवाय उकळून थंड केलेल्या पाण्याची कळशी. सगळ्यांना आदल्या दिवशी निरोप होता, की घरात ज्या चमच्याने औषध देता तो चमचा घेऊन या.

लहान मुलांचं अँटीबायोटिक बहुतेक वेळा कोरड्या पावडरीच्या रूपात येतं, कारण पाण्यात मिसळलं की ते फार दिवस टिकत नाही. ते घरी मिसळायचं असतं, आणि आमच्याकडे जितकी घरं तितक्या रीती होत्या. एकीने कढत पाणी घातलं. एकीने गळ्यापर्यंत भरली, "जास्त दिवस पुरावं म्हणून." एकजण म्हणाली, मी लागेल तशी पावडर चमच्यात काढते आणि पाणी घालून देते, म्हणजे बाटली खराब होत नाही. या शेवटच्या रीतीत कुठल्या चमच्यात किती औषध गेलं ते देवच जाणे.

मग मी एकीला पुढे बोलावलं. आधी बंद बाटली तळहातावर आपट, पावडर तळाला घट्ट बसलेली असते ती मोकळी होऊ दे. आता निम्म्याच्या आसपास पाणी घाल. टोपण लाव, जोरात हलव. आता थांब. सगळ्या बाटलीकडे बघत होत्या. वर पांढरा फेस आला होता आणि तो बरोबर बाटलीवरच्या खुणेला टेकला होता. "झालं की," ती म्हणाली. मी म्हटलं, नाही झालं, बघत राहा. फेस हळूहळू बसत गेला आणि औषध खुणेच्या बोटभर खाली दिसलं. कुणीतरी "अगो बाई" म्हणालं. बाटली डोळ्यांच्या रेषेत धरून तिने उरलेलं पाणी खुणेपर्यंत घातलं, पुन्हा हलवलं. फेसालाच औषध समजून थांबलो असतो तर पाणी कमी पडलं असतं, औषध दाट झालं असतं आणि प्रत्येक चमच्यात जास्त गेलं असतं. गळ्यापर्यंत भरली असती तर उलट, प्रत्येक वेळी कमी. कमी पडलेलं औषध सगळ्यात वाईट, कारण अशक्त जंतू मरतात आणि चिवट तेवढे मागे राहतात. पेनिसिलिन शोधून काढणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगने १९४५ साली नोबेल घेताना केलेल्या भाषणातच हा इशारा दिला होता. मी हे सांगितलं खरं, पण बायकांच्या लक्षात राहिला तो फेस.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. काही कंपन्यांच्या बाटलीसोबत पाण्याची प्लास्टिकची कुपी येते. ती असेल तर त्यातलं पाणी तेवढंच घालायचं, वर घरचं नको.

चमच्यांचा कार्यक्रम तर मला आजही आठवतो. चटईवर चौदा चमचे. पोह्यांचा, साखरेचा, लोणच्याचा, एक चांदीचा, बारशाला आलेला. प्रत्येकात पाणी भरून सिरिंजने ओढून मोजलं. सगळ्यात लहानात तीन मिली, सगळ्यात मोठ्यात आठ. डॉक्टरांनी पाच मिली लिहिलेलं. बायकांनी एकमेकींचे चमचे हातात घेऊन पाहिले. कुणाला काही पटवून द्यावं लागलं नाही. तेव्हापासून माझ्याकडून मुलांचं औषध नेणाऱ्याला मी सुई नसलेली पाच मिलीची सिरिंज सोबत देते, त्यावर जितकं औषध द्यायचं त्या ठिकाणी पेनाने रेघ मारून.

त्याच दिवशी थेंबांच्या बाटलीची गोष्टही निघाली. तान्ह्या बाळांसाठी जे ड्रॉप्स येतात ते सिरपपेक्षा खूप दाट असतात. पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्सच्या एका मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं, नेहमीच्या लहान मुलांच्या सिरपच्या एका मिलीत साधारण २४-२५. म्हणजे चौपट. मोठ्या भावाला सिरपचे पाच मिली देतो म्हणून कुणी ड्रॉप्सचे पाच मिली दिले तर काय होईल? अमॉक्सिसिलिनच्या ड्रॉप्सचंही तसंच. एक आई हे ऐकून गप्प झाली, नंतर माझ्याजवळ येऊन हळू म्हणाली, "मी एकदा दिलंय तसं." पोर बरं होतं. मी तिचा हात धरला, दुसरं काय करणार.

मग दिवसांचा हिशेब. माझ्या मते सगळ्यात जास्त घोळ इथे आहे आणि त्याला आयांना दोष देणं अन्यायाचं आहे. बाटली असते तीस मिलीची. डॉक्टर लिहितात, समजा, साडेसात मिली दिवसातून दोनदा, पाच दिवस. दिवसाला पंधरा मिली, म्हणजे बाटली दोन दिवसांत संपणार. पाच दिवसांना अडीच बाटल्या, म्हणजे तीन घ्यायला हव्यात. पण दुकानातून एक बाटली नेली, दोन दिवसांत ती संपली, ताप उतरला. साहजिकच वाटतं की औषध संपलं म्हणजे कोर्स संपला. आता मी चिठ्ठी हातात आली की आधी गुणाकार करते आणि बाटल्या मोजून देते. दुसरी बाटली पहिली संपल्यावरच भिजवायची, आधी नाही. एकदा मिसळलेलं औषध बहुतेक वेळा सात दिवसच चालतं, काही औषधं फ्रीजमध्येच ठेवावी लागतात. आणि शेवटच्या बाटलीत उरेल ते टाकून द्यायचं. यावर मात्र बायका कळवळल्या. पैसे मोजलेली वस्तू, अर्धी भरलेली, टाकायची? धाकट्याला नाही का चालणार? मी म्हटलं, तुम्हाला टाकवत नसेल तर माझ्याकडे आणून द्या, मुदत संपलेल्या मालाच्या खोक्यात मी ठेवते. काही आणून देतात. सगळ्या नाही.

लेबल मी मराठीत लिहायला घेतलं तेही याच काळात. आमच्याकडे घरात कोकणी बोलतात, पण आज्यांची पिढी शिकली ती मराठी शाळेत. वर्तमानपत्र मराठी, भजनाची वही मराठी. बाटलीवर मात्र सगळी इंग्रजी अक्षरं, आणि चिठ्ठीवर बीडी (दिवसातून दोनदा) नि टीडीएस (तीनदा). आई कामाला गेली की औषध देणार आजी, आणि तिच्या हातात न वाचता येणारी बाटली. मी कागदाची पट्टी चिकटवते: सकाळी ८, रात्री ८. सोमवारी भिजवली. शनिवारी सकाळपर्यंत द्यायची. एका आजीने ती पट्टी मोठ्याने वाचली, ओवी वाचावी तशी, आणि म्हणाली, "हे आधी का नाही केलंस?" तिचं म्हणणं खरं होतं.

तरीही मूळ प्रश्न तसाच होता, त्या रात्रीचा. अँटीबायोटिक द्यायचं नाही, मग करायचं काय? आणि मूल खरोखर आजारी आहे हे ओळखायचं कसं? कारण मला सगळ्यात जास्त भीती याची होती, की मी अँटीबायोटिकपासून इतकं परावृत्त करीन की ज्याला न्यूमोनिया झालाय त्यालाही कुणी घरात ठेवून घेईल.

म्हणून तिसऱ्या बैठकीत श्वास मोजायला शिकवलं. आरोग्यसेविकांना हे प्रशिक्षणात असतं, आयांना मात्र सहसा कुणी शिकवत नाही. मूल शांत किंवा झोपलेलं असावं, रडत नसावं. सदरा वर करायचा आणि पोट-छाती किती वेळा वर येते ते पूर्ण एक मिनिट मोजायचं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त, तर तो वेगवान श्वास, आणि डॉक्टर गाठायचा. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल तर मोजत बसायचंच नाही, निघायचं.

कुणाच्या तरी मांडीवर दहा महिन्यांचं बाळ झोपलं होतं, त्याच्यावरच सराव केला. अडचण अशी आली की मोबाइलच्या घड्याळाकडे बघावं तर श्वास चुकतो, श्वासाकडे बघावं तर आकडा चुकतो. बाळाची आजी कोपऱ्यात बसली होती. तिने गळ्यातली तुळशीची माळ काढली. म्हणाली, "तू घड्याळ बघ, मी मणी ओढते." बाळाचं पोट वर आलं की एक मणी. डोळे बाळावर, बोटं माळेवर. या बोटांना आयुष्यभराची सवय. मिनिट झाल्यावर मी "थांबा" म्हटलं आणि मग आम्ही मणी मोजले. अडतीस. पुन्हा मोजले तेव्हा सदतीस. मी मोबाइलवरून दोनदा केलेला प्रयत्न एकदा ३१ आणि एकदा ४४ आला होता.

पुढच्या बैठकीला तीच आजी माळ घेऊन आली तेव्हा चाळिसाव्या आणि पन्नासाव्या मण्यापुढे तिने लाल दोरा बांधून आणला होता. देवाची माळ तशीच ठेवून दुसरी, साधी केली होती. "दोऱ्यापर्यंत पोचले की दोतोराकडे," तिने बाकीच्यांना सांगितलं. आता त्या वाड्यावर अशा पाच-सहा माळा आहेत. मी वीस वर्षांत सुचवू शकले नाही असं काही त्या बाईने एका दुपारी करून दाखवलं.

याच्या जोडीने धोक्याची बाकी लक्षणं आम्ही गाण्यासारखी पाठ केली. अंगावर पीत नाही, पाणी पीत नाही. पोटात घेतलेलं सगळं उलटून टाकतो. झटके आले. हाक मारली तर डोळे उघडत नाही. शौचात रक्त. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप, मग तो कितीही असो. ताप तीन दिवसांच्या वर गेला. यातलं काही नसेल, मूल खेळतंय, पितंय, लघवी नेहमीसारखी होतेय, तर थांबायला हरकत नाही. सर्दी आठ-दहा दिवस चालते, खोकला दोन-तीन आठवडेही रेंगाळतो. तापाला वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल. नाक चोंदलं तर मिठाच्या पाण्याचे थेंब. वर्षावरच्या मुलाला चमचाभर मध. वर्षाच्या आत मध अजिबात नको, हे आज्यांना तीन वेळा सांगितलं. जुलाबाला ओआरएस, आणि सोबत झिंकची गोळी चौदा दिवस, सहा महिन्यांच्या वर २० मिलिग्रॅम, आत १०. आणि पेज. पेजेचं नाव काढल्यावर सगळ्यांचे चेहरे खुलले. ती पातळ, मीठ घातलेली पेज आमच्या प्रत्येक आजारपणात होती आणि आता ती औषध वाटेनाशी झाली आहे. मी म्हटलं, नुसत्या पाण्यासारख्या जुलाबाला अँटीबायोटिक सहसा लागत नाही. अंगातून गेलेलं पाणी आणि मीठ मात्र लागतंच.

पुरुष फारसे आले नाहीत. आले त्यातल्या एकाने, कुळागर म्हणजे नारळ-केळीची बागायत सांभाळणाऱ्याने, विचारलं, "सारखं अँटीबायोटिक दिलं की पोराच्या अंगाला सवय होते म्हणतात, तेच ना?" मी म्हटलं, पोराच्या अंगाला नाही, जंतूंना. तो जरा विचार करून म्हणाला, "म्हणजे आमच्या माकडांसारखं. पहिल्यांदा गर्नाल, मोठा फटाका, फोडला तेव्हा आठ दिवस आली नाहीत. आता रोज फोडतो तर झाडावर बसून बघतात." सत्तरीत हे सांगावं लागत नाही, माकडांनी केळी आणि नारळ कुणाचे सोडलेत? मी त्याचं बोलणं तिथेच उचललं आणि थोडं पुढे नेलं. जंतू शिकत नाहीत, पण औषधातून जे वाचतात त्यांचीच पिलावळ वाढते, आणि ती पिलावळ एकाच झाडावर राहत नाही. घरातल्या भावंडाकडे जाते, शेजाऱ्याच्या कुळागरात जाते. म्हणजे माझ्या पोराला फुकट दिलेल्या औषधाची किंमत दुसऱ्याचं पोर मोजतं. हे त्या दिवशी पुरुषांना जास्त लागलं.

विषाणूवर अँटीबायोटिक चालत नाही, हे तक्त्याने जमलं नव्हतं ते माकडतापाने जमलं. २०१५ मध्ये आमच्या तालुक्यात पाली गावात माकडताप, म्हणजे गोचिडींतून पसरणारा जीवघेणा ताप, आला तेव्हापासून तो शब्द इथे लहानथोर सगळ्यांना ठाऊक आहे. काजूच्या हंगामात माकडं मरून पडली की लोक धास्तावतात. मी विचारलं, माकडतापावर अँटीबायोटिक दिलं असतं तर माणसं वाचली असती का? "नाही, तो व्हायरस," दोन-तीन जणी एकदम म्हणाल्या. सर्दीही व्हायरस, मी म्हटलं. खोलीत जरा वेळ कुणी बोललं नाही.

डॉक्टरांशी बोलायचं कसं हेही शिकवावं लागलं. आमच्याकडे डॉक्टरांना प्रश्न विचारणं उद्धटपणाचं वाटतं. उलट बऱ्याच डॉक्टरांना वाटतं की आईला कडक औषध हवंय, नाही दिलं तर ती दुसरीकडे जाईल. दोघंही एकमेकांच्या धाकाने वागतात आणि मध्ये पोर अँटीबायोटिक पितं. म्हणून आम्ही दोन वाक्यं तयार केली. "डॉक्टर, याला जंतूचं औषध लागेलच का, की दोन दिवस वाट बघू?" आणि "दिलंत तर किती दिवस द्यायचं?" एका आईने ते विचारलं तर डॉक्टरांनी लिहिलेलं औषध खोडलं आणि परवा पुन्हा दाखवायला सांगितलं. तिने ती खोडलेली चिठ्ठी मला आणून दाखवली.

सगळं जमलं असं नाही. कारखान्यांत कामाला कर्नाटकातून आलेली कुटुंबं आहेत, त्यांच्या आया कन्नड बोलतात, माझी मराठी पट्टी त्यांना उपयोगाची नाही. त्यांच्यासाठी मी सूर्य आणि चंद्र काढते, सिरिंजवर रेघ मारते, पण ते पुरेसं नाही, हे मला रोज टोचतं. काजूच्या दिवसांत बैठकीला कुणीच येत नाही, आणि येऊ शकतही नाही. रिकामी बाटली घेऊन येणारे अजून येतात. कमी झालेत, बंद झालेले नाहीत.

गेल्या पावसाळ्यात रात्री दहाला फोन वाजला. वाड्यावरचा एक तरुण बाप. बायको माहेरी आजारी आईकडे, घरात हा, आजी आणि दीड वर्षाचा मुलगा. "बाय, चोपन्न," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, परत मोज. "दोनदा मोजलं. आजीने माळेवर, मी मोबाइलवर. बरगडीखाली खड्डा पडत नाही, पण पितो कमी." सकाळपर्यंत थांबू नको म्हटलं. त्याने मोटारसायकल असलेल्या मित्राला उठवलं आणि भर पावसात पोराला प्लास्टिकमध्ये गुंडाळून वाळपईच्या आरोग्य केंद्रात नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर करत होते तेव्हा तो चिठ्ठी घेऊन उभा. अमॉक्सिसिलिन, साडेसात मिली दोनदा, पाच दिवस. मी तीन बाटल्या काढल्या. "पाणी आहे?" त्याने विचारलं. थर्मासमध्ये उकळून गार केलेलं मी ठेवतेच. बाटली त्याने तळहातावर आपटली, निम्मं पाणी घातलं, हलवली, काउंटरवर ठेवली आणि स्वतः खाली वाकून खुणेशी डोळे नेऊन बसला. मागे दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती. त्याने वर पाहिलं नाही. फेस पूर्ण बसला, तेव्हा थर्मासमधलं पाणी धारेधारेने खुणेपर्यंत घातलं. मग खिशातून पेन काढून पट्टीवर वार लिहिला.

सहाव्या दिवशी संध्याकाळी, कामावरून परतताना, तो आला. तिसरी बाटली काउंटरवर ठेवली. अर्धी भरलेली.

"ही टाकायची आहे," म्हणाला.